दामासोचं रडणं

हिलारियाकडे तिच्या तिसऱ्या मुलाचं म्हणून एवढंच उरलं होतं : एक रडणं. एकदाच झालेलं, आखूड, कोकरासारखं बारीक. तेही तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं नव्हतं. त्या वेळी तिला झटके येत होते, दातखीळ बसली होती. दुसऱ्यांनी ऐकलं आणि शुद्धीवर आल्यावर तिच्या ओंजळीत आणून टाकलं. तेव्हापासून ती ते जपत होती. दगडावर उभं राहताना, बटाटे सोलताना, मेंढ्यांना हाकताना ते हळूच काढून ऐकत होती.

आज अडतिसावा दिवस होता.

खाणीच्या डोंगराखाली टाकाऊ खडीचे ढीग होते आणि ढिगांवर बायका. पुरुष आत डोंगरात जात. त्यांनी फेकलेल्या खडीतून कथील वेचायचं काम बायकांचं. वेचलेली खडी डोलत्या दगडाखाली भरडायची. हा दगड म्हणजे खालून गोल असलेली माणसाच्या छातीएवढी शिळा, वर आडवी फळी बांधलेली. फळीवर उभं राहायचं, एकदा डाव्या पायावर भार द्यायचा, एकदा उजव्या. शिळा झुलते, खडीचं पीठ होतं, खाणीतून वाहणारं पिवळं पाणी त्यावरून सोडलं की हलकी माती वाहून जाते, जड कथील खाली बसतं. सकाळपासून दुपारपर्यंत झुलायचं. दामासो पोटात असताना हिलारिया आठव्या महिन्यापर्यंत अशी झुलली होती. तेव्हा मनातल्या मनात म्हणायची,

*डोल डोल रे दगडा, तुझ्या पोटी कथलाची खाण*
*माझ्या पोटी इवला जीव, त्याला उन्हाची तहान*

आता गाणं बंद होतं. झुलताना छाती मात्र अजून भरून यायची आणि पोलकं ओलं व्हायचं.

"वहिनी, उतर आता. माझी पाळी," खालून बेनिता म्हणाली. ही हिलारियाची नणंद, सतरा वर्षांची, तोंडाने तिखट. "तू अशी झुलतेस, जसं काही कार्निव्हलचा नाच आजच आहे."

"तू चढ, मग बघू तुझा नाच."

बेनिता फळीवर चढली. दहा-बारा वेळा झुलली आणि तोंडावर हात धरून उतरली. दगडाआड जाऊन ओकली.

"शिळं खाल्लं काल," ती तोंड पुसत म्हणाली.

हिलारियाने तिच्या कमरेकडे पाहिलं. वीतभर रुंदीचा विणलेला पट्टा, चार वेढे, नेहमीपेक्षा वर आणि नेहमीपेक्षा आवळून बांधलेला. हे बांधणं तिच्या ओळखीचं होतं.

"किती महिने?"

बेनिताचं तिखट तोंड एकदम लहान झालं. "तीन. आईला सांगू नकोस, वहिनी. ढिगावर कळलं तर उद्यापासून पाऊल टाकू देणार नाहीत."

ते खरं होतं. पोटुशी बाई खाणीजवळ आली की डोंगरातली कथलाची शीर लाजते, मागे सरते, असं पुरुष म्हणत. म्हणून प्रत्येक पोटुशी बाई पट्टा बांधायची आणि प्रत्येक बाईला ठाऊक असायचं की शेजारचीनेही बांधलाय. कुणी बोलत नसे.

"पट्टा सैल कर," हिलारिया म्हणाली.

"तू केला होतास?"

हिलारिया खडी भरू लागली.

पहिलं पोर तिसऱ्या महिन्यात गेलं, खडीचं पोतं पाठीवर घेऊन उतारावरून येताना. दुसरं पाचव्यात, आठ दिवसांच्या तापानंतर. दोन्ही वेळा सासूने, सेबेराने, फडक्यात गुंडाळून वाऱ्याच्या खिंडीत पुरलं. तिथे ना शेत ना घर, नुसता वारा. ज्या पोराच्या जिभेवर जिवंतपणी मीठ-पाणी पडलं नाही, त्याला नाव नाही. ज्याला नाव नाही, त्याला गावच्या दफनभूमीत जागा नाही. अशी पोरं उपाशी असतात, थंडीने गारठलेली असतात आणि गावाजवळ पुरली तर रागाने गारा फेकतात, हे तान्ह्या पोरालाही माहीत होतं.

तिसऱ्या वेळी पाय सुजले. चपलेचा पट्टा लागेना. सेबेरा खुश झाली. "पाय सुजले म्हणजे मुलगा! माझ्या सेल्सोच्या वेळी माझे पाय भोपळे झाले होते भोपळे." डोकं फुटायला लागलं, तर तिने हिलारियाच्या कानशिलांवर कोकाची पानं चिकटवली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर म्हणाली, "उपाशीपोटी उन्हात उभी राहतेस, काजवे नाही तर काय चंद्र दिसणार?" खाली तासाभराच्या वाटेवर दवाखाना होता आणि तिथे निनोस्का नावाची परिचारिका होती. हिलारिया त्या वाटेने जातच नसे. निनोस्काने पोट पाहिलं असतं, शहरात पाठवलं असतं आणि ढिगावर बोभाटा झाला असता.

मग अकरा डिसेंबर उजाडला. झटके, अंधार. शुद्धीवर आली तेव्हा सुईण फोर्तुनाता तिचे पाय कोमट पाण्याने पुसत होती.

"रडला ग पोरी. एकदा रडला आणि गेला. मी मीठ-पाणी दिलं. आज संत दामासोचा दिवस, तेच नाव ठेवलं."

"मीही ऐकलं! दाराबाहेर उभी होते मी. कोकरासारखा!" सेबेराने छातीवर क्रूस काढत सांगितलं.

आणि त्या एका रडण्याने सगळं बदललं. दामासो देवदूत झाला. त्याला पांढऱ्या कागदाचे पंख लावले, पांढऱ्या पेटीत निजवलं, शेजाऱ्याने तारांचं वाद्य छेडलं, लोकांनी मका उकडून खाल्ला. दफनभूमीत, सासऱ्याच्या पायाशी, त्याला जागा मिळाली. क्रुसावर नाव लिहिलं. हिलारियाला एकच बंधन होतं : रडायचं नाही. आईचं आसू पंखांवर पडलं की पंख जड होतात आणि पोर अर्ध्या वाटेत अडकतं. नवरा सेल्सो खाणीत जाऊन एकटा रडून आला, बापाला ते चालतं. हिलारिया अडतीस दिवस कोरडी होती.

*

दुसऱ्या दिवशी निनोस्का आपणहून वर आली. हातात कागद, खांद्याला पिशवी, चढाने धाप लागलेली. तिने हिलारियाला अंगणात बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"वय?"

"एकतीस."

"याआधी गेलेली किती?"

"दोन."

"ओझं उचलत होतीस? दगडावर किती तास? पाणी कुठलं पितेस? तेच ओढ्याचं, खाणीचं पिवळं पाणी मिसळतं त्याच्या खालचं? चूल कुठाय? झोपता त्याच खोलीत? धूर जायला वाट?" हिलारिया उत्तर देई आणि निनोस्का चौकटीत फुली मारी.

सेबेरा लोकर कातत बसली होती. तिला राहवेना. "आमच्या वेळी हे प्रश्न नव्हते बाई. पोरं होती."

"किती झाली तुम्हाला, दोन्या सेबेरा?" निनोस्काने विचारलं. बाईच्या नावाआधी आदराने दोन्या म्हणायची इथली रीत.

"अकरा!"

"आणि आहेत किती?"

सेबेराची चाती हातातच थांबली. "सेल्सो आणि बेनिता," ती म्हणाली आणि मेंढ्या कुठे भरकटल्या ते बघायला उठून गेली.

निनोस्काने हिलारियाच्या दंडाला पट्टी गुंडाळली, हवा भरली, काटा पाहिला. पुन्हा भरली, पुन्हा पाहिला. "अजून वर आहे. एवढे दिवस होऊनही रक्ताचा दाब खाली आलेला नाही. पाय सुजणं, डोकं, काजवे, झटके, सगळी त्याचीच लक्षणं होती, दोन्या हिलारिया. तू एकदा जरी आली असतीस..." तिने वाक्य तिथेच सोडलं आणि कागदावर पाहिलं. फुल्यांची एक लांब रांग झाली होती. "आणि बाळ पोटातच गेल्यावर किती दिवसांनी कळा आल्या? फोर्तुनाता म्हणाली, कातडी सुटत होती. म्हणजे तीन-चार दिवस झाले असणार."

हिलारियाला आधी वाटलं, ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय.

"माझं बाळ रडलं," ती म्हणाली.

निनोस्काने पेन खाली ठेवलं. तिचा चेहरा पाहूनच कळलं की तिला हे माहीत नव्हतं.

"कोण म्हणालं?"

"फोर्तुनाता. सासूने ऐकलं. नाव आहे त्याला. क्रूस आहे."

निनोस्का हळू म्हणाली, "क्रुसाबद्दल मी कुणाला काही सांगणार नाही. पण या कागदावर मला खरं लागतं. रडून गेला असं लिहिलं तर शहरातले डॉक्टर बाळाचं काहीतरी शोधत बसतील. पोटातच गेला असं लिहिलं तर तुझं शोधतील. पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यापासून गोळ्या देतील, दर महिन्याला बोलावतील. चौथं तरी..."

"लिही, रडला."

"दोन्या हिलारिया..."

"रडला लिही."

निनोस्काने ती एक चौकट रिकामी ठेवली आणि कागद पिशवीत घातला. ती उतारावरून दिसेनाशी झाली तरी हिलारिया तशीच बसून राहिली. अकरा डिसेंबरच्या आधीचे दिवस तिच्यासमोर एकेक करून येऊन उभे राहिले. चार दिवस पोटातून एक लाथ नव्हती. पट्टा घट्ट झालाय, म्हणून हलत नाही, असं ती स्वतःला सांगत झुलत राहिली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही पुन्हा सांगितलं नव्हतं.

*

फोर्तुनाता दारात बसून वाळवलेल्या बटाट्यांची सालं पायाने चुरत होती. हिलारियाचा चेहरा पाहून तिने पाय थांबवले.

"निनोस्का आली होती वाटतं."

"रडला होता का?"

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं नाही. "बस."

"बसत नाही. रडला होता का, दोन्या?"

"चाळीस वर्षं पोरं काढतेय मी," फोर्तुनाता म्हणाली. "दोन वेळा तुझ्या सासूच्या हातात फडक्यातलं गाठोडं दिलं. तिसऱ्यांदा तेच द्यायचं होतं. तू फेसाळत पडली होतीस. म्हटलं, ही मरणार नाही, पण उठून विचारील. काय देऊ हिला? द्यायला पोर तर नव्हतंच."

"सासू म्हणते, तिने ऐकलं."

"ऐकलं ना. खोटं नाही बोलत ती." फोर्तुनाताने सुरकुतलेल्या हाताने ओठ चाचपले. "मीच काढला तो आवाज."

अंगणात कोंबडी उकरत होती. हिलारिया तिच्याकडे बघत राहिली.

"निनोस्काला मात्र मी खरं सांगितलं," म्हातारी पुढे बोलली. "देवाला फसवता येतं, तो मोठा आहे, मनावर घेत नाही. पण तुझं पुढचं पोर जगायचं तर त्या पोरीला फसवून कसं चालेल? मला वाटलं, तिचा कागद शहरात जाईल, इथे कोण वाचतंय!"

"पुन्हा काढ," हिलारिया म्हणाली.

"काय?"

"तो आवाज. मी ऐकलेला नाही."

फोर्तुनाताने मान हलवली, नाही नाही म्हटलं. हिलारिया हलली नाही. शेवटी म्हातारीने डोळे मिटले, गळा आवळला आणि नाकातून, दातांच्या फटीतून एक बारीक आवाज काढला. आखूड. कोकरासारखा. कोंबडी दचकून बाजूला झाली.

हिलारियाने तो पुरा ऐकला. असाच होता तो, मनात रोज ऐकत होती अगदी तसाच. ती वळली आणि घरी गेली. कुणाला काही बोलली नाही. क्रूस होता, नाव होतं, सासऱ्याच्या पायाशी जागा होती. ज्याला काहीच मिळालं नाही त्याला एवढं तरी असू दे. त्यासाठी तोंड शिवून जन्म काढावा लागला तर काढीन, असं तिने ठरवलं.

*

दोन दिवसांनी, दुपारी, बटाट्याची शेतं जांभळ्या फुलांनी भरलेली असताना आभाळ पांढरं झालं. गारा पडायला लागल्या तेव्हा लोक हसत होते, पत्र्यावर कसा ताशा वाजतोय म्हणत होते. मग हसणं थांबलं. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा फुलं नव्हती, पानं नव्हती, नुसते देठ चिखलात मोडून पडलेले. बाया शेताच्या कडेला उभ्या राहून ओरडत होत्या.

सकाळी ताता वेनान्सिओने चांदीच्या मुठीची काठी ठोकत गावाला शाळेच्या पटांगणात बोलावलं. या वर्षी गावची काठी, म्हणजे गावचा कारभार, त्याच्याकडे होती. साधा, मऊ माणूस, पण त्याचंही शेत गेलं होतं.

"कुणीतरी लपवलंय," तो म्हणाला. "मीठ-पाण्याशिवायचं पोर कुठेतरी जवळ पुरलंय. ज्या बाईने केलं तिने सांगावं. शिक्षा नाही. पोर उकरून खिंडीत नेऊ आणि माफी मागू. बास."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"मग ज्यांच्या कडेवर मूल नाही त्या बायकांनी उजवीकडे या. म्हाताऱ्या बघतील, कुणाच्या छातीला दूध आहे, कुणाचं पोट काय सांगतंय."

चुळबुळ झाली. सात-आठ जणी उजवीकडे सरकल्या. हिलारियाही निघाली, तशी वेनान्सिओने तिला हाताने थांबवलं. "तू नको, बाळा. तुझं दूध हक्काचं आहे. तुझा तर देवदूत आहे."

"होय तर!" सेबेरा मानेने ठसक्यात म्हणाली. "मी या कानांनी ऐकलाय."

उजव्या रांगेत बेनिता शेवटी उभी होती. दोन्ही हात पट्ट्यावर, ओठ पांढरे. म्हाताऱ्या पहिल्या बाईला शाळेच्या खोलीत घेऊन गेल्या. मग दुसरीला. बेनिताने मान वळवून हिलारियाकडे पाहिलं. काही मागितलं नाही. नुसतं पाहिलं. पट्टा सुटला की तीन महिने दिसणार होते, कुणाचे म्हणून विचारणार होते आणि भरल्या पोटाच्या बिननवऱ्याच्या पोरीबद्दल गाव काहीही मानायला तयार होतं. म्हणतील, याआधीचं एक हिने कुठे पुरलं?

तिसरी खोलीत गेली. चौथी.

"दामासो रडला नाही," हिलारिया म्हणाली.

ते तिने इतक्या हळू म्हटलं की वेनान्सिओने विचारलं, "काय?"

"माझा दामासो रडला नाही. आतच गेला होता. मला माहीत होतं."

सेबेरा तिच्यावर धावून आली. "वेड लागलंय हिला! मी ऐकलं ना! माझा नातू आहे तो! दोन्या फोर्तुनाता, सांग यांना, तू सांग!"

फोर्तुनाता भिंतीला टेकून बसली होती. तिने हिलारियाकडे पाहिलं. हिलारियाने मान डोलावली. म्हातारीने पायांकडे बघत म्हटलं, "नाही रडला."

सेबेरा तिथेच मातीत बसली. "मी ऐकलं होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "ऐकलं होतं मी."

रांग मोडली. बेनिता कुणाच्या नजरेस न पडता घराकडे पळाली.

*

पेटी हिलारियानेच उचलली. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, ती म्हणाली, आणि कुणी लावलाही नाही. पेटी हलकी होती. ओल्या मातीने पांढरा रंग उडाला होता. क्रूस वेनान्सिओने उपटला आणि काय करावं न कळून काखेत धरून चालत राहिला. सेल्सो सगळ्यांच्या मागे होता, टोपी हातात घेऊन.

खिंडीत वारा होता. दोन जुने खड्डे कुठे होते ते हिलारियाला सापडलं नाही. तिथे सगळीच जमीन सारखी होती. तिने हातांनी एक सपाट जागा साफ केली, सेल्सोने खणलं. वेनान्सिओने आकाशाकडे बघत दारू शिंपडली, माफ कर बाळा म्हणाला आणि क्रूस तसाच खाली घेऊन गेला, कारण इथे नाव लावायचं नसतं.

उतरताना सेबेरा वाटेत भेटली. ती वर आली नव्हती. हिलारियाच्या पुढ्यात येऊन थांबली, तिच्या शालीवरची माती झटकली आणि म्हणाली, "आता रडलीस तरी चालतं, पोरी. आता पंख नाहीत."

हिलारियाने प्रयत्न केला. काही आलं नाही.

सोमवारी निनोस्काने कागदावरची रिकामी चौकट भरली. गोळ्या दिल्या, रोज एक. दगडावर झुलायचं नाही, ओझं नाही, पिवळ्याखालचं पाणी नाही, म्हणाली. हिलारियाने सगळ्याला हो म्हटलं. मग तिने बेनिताबद्दल सांगितलं. निनोस्का म्हणाली, "आजच घेऊन ये. वेळ आहे अजून. हिच्या बाबतीत वेळ आहे."

हिलारिया तशीच ढिगाकडे चढली. वाटेने दोन्ही बाजूंना शेतं काळी पडली होती. ढिगावर रोजच्या दुप्पट बायका होत्या. बटाटे गेले होते. आता वर्षभर चूल पेटायची ती कथलावरच. सेबेराही आली होती, साठाव्या वर्षी, हातोडी घेऊन.

बेनिता डोलत्या दगडावर उभी होती.

"खाली ये," हिलारिया म्हणाली. "निनोस्काकडे जायचंय."

"कार्निव्हल झाल्यावर जाईन."

"आज."

"आज गेले तर उद्या इथे कोण उभं राहणार, वहिनी? तू?" बेनिताचं तिखट तोंड परत आलं होतं. "मला काही होत नाही. बघ ना, ओकणंसुद्धा थांबलंय. मी छान आहे."

तिचे पाय उघडे होते. घोट्यांवर, जिथे हाड दिसायला हवं तिथे, अजून हाड दिसत होतं. हिलारियाने ते नीट पाहिलं. अजून दिसत होतं. मग बेनिताने पट्ट्याचं टोक दातांत धरलं, एक वेढा आणखी आवळला आणि डाव्या पायावर भार दिला. दगड झुलला. उजव्या पायावर. दगड झुलला.

हिलारिया खडीत बसली. तिच्या गळ्यातून काहीतरी वर आलं, नाकातून, दातांच्या फटीतून. बारीक, आखूड. कुणाला वाटलं ढिगाआड कोकरू अडकलंय. दोघी-तिघींनी मान वर करून पाहिलं. मग तो आवाज पुन्हा आला, आणि पुन्हा, आणि थांबेना.